बुकित ब्राउनमधली कबर: आजीचं नाव आहे, पण तारीख नाही. कुणी वाचून सांगेल का?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. मी मूळची सांगलीची, लग्नानंतर गेली १९ वर्षं सिंगापुरात आहे. नवरा इथलाच, पेरानाकान चिनी. म्हणजे फार पूर्वी चीनमधल्या फूज्यानहून मलाक्क्याला येऊन स्थिरावलेल्या व्यापाऱ्यांचे हे वंशज. घरात बाबा मलय, म्हणजे पेरानाकान लोकांची मलय बोली, आणि इंग्रजी चालते. सासूबाईंना चिनी लिपीतलं एक अक्षर वाचता येत नाही. नवऱ्याला शाळेत शिकलेली आजची सोपी अक्षरं येतात, पण दगडावरची जुनी अक्षरं त्यालाही अर्धीच लागतात. म्हणजे सासूबाईंच्या आजोबांच्या कबरीवर काय लिहिलंय हे घरात कुणालाच धड माहीत नाही. ही कबर बुकित ब्राउनमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या चिनी दफनभूमीत आहे. मागे इथे कुणीतरी तिथल्या फेऱ्यांबद्दल लिहिलं होतं, ते मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तुझ्या माणसांना विचार की."

आजोबांना हे लोक कॉंगकॉंग म्हणतात आणि आजीला मामा. लग्न होऊन आले तेव्हा "मामा फार सुंदर मणीकाम करायची" असं ऐकून मला कितीतरी दिवस काहीच उलगडत नव्हतं. इथे लिहिताना मीही मामाच म्हणते, कारण सासूबाईंकडे तिच्यासाठी दुसरं नावच नाही.

दर वर्षी चेंग बेंगला, म्हणजे एप्रिलच्या ४-५ तारखेच्या आसपास, घरातलं कुणीतरी कबरीवर जातं. आतापर्यंत सासूबाईंचे थोरले भाऊ जायचे. ते दोन वर्षांपूर्वी गेले. यंदा सासूबाई म्हणाल्या, मीच जाणार. वय ७२, दोन्ही गुडघे दुखरे. मी सोबत गेले आणि पहिल्यांदाच ती जागा पाहिली.

लोखंडी फाटकातून आत शिरलं की शहर मागे राहतं. पर्जन्यवृक्षांच्या फांद्यांवर नेचे लोंबतात आणि दोन्ही बाजूंच्या उतारावर कबरीच कबरी. काहींच्या पोटातून झाडं उगवलेली. आमची कबर पायवाटेपासून वीसेक पावलं वर आहे. एक मलय काका वर्षानुवर्षं तिथलं गवत काढतात, त्यांना आंगपाव, म्हणजे लाल पाकिटात पैसे, द्यायचा. त्यांनी आधीच रस्ता मोकळा करून ठेवला होता. कबरीचा आकार हात पसरून बसलेल्या आरामखुर्चीसारखा: मागे टेकडीचा उंचवटा, दोन्ही बाजूंनी खाली उतरत आलेल्या भिंती, पुढे फरशीचं अंगण. भिंतीला गुलाबाच्या फुलांच्या टाइल्स, इतक्या वर्षांनंतरही गुलाबी रंग ताजा. डाव्या कोपऱ्यात गुडघाभर उंचीचा एक वेगळा छोटा दगड आहे. सासूबाईंनी पहिली उदबत्ती तिथे लावली. तो त्या जमिनीचा देव, म्हणाल्या, आधी त्याला विचारायचं. मला आमच्या मळ्यातला बांधावरचा म्हसोबा आठवला. आजी नवं काही पेरायच्या आधी त्याला नारळ द्यायची.

मग त्यांनी डब्यातून कुए, म्हणजे इथल्या गोड वड्या, काढले, चहा ओतला, संत्री मांडली आणि रंगीत कागदाचे तुकडे दगडाखाली दाबून कबरीभर पसरले. घरचं माणूस येऊन गेलं, ही त्याची खूण. मग त्या बाबा मलयमध्ये कॉंगकॉंगशी बोलल्या. नातवाची नोकरी, गुडघे, भावाचं जाणं, सगळं सांगितलं. मी पितृपंधरवड्यात पान वाढून कावळ्याची वाट बघणाऱ्या घरातली, मला त्यात काहीच परकं वाटलं नाही.

आता प्रश्न. दगडावर मधोमध दोन उभ्या ओळी आहेत. समोर उभं राहिलं की उजवीकडची कॉंगकॉंगची, सोनेरी, रंग उडत चाललेला. डावीकडची मामाची, आणि ती लाल. वरती आडवी दोन अक्षरं. उजव्या कडेला बारीक अक्षरांची एक ओळ, ती तारीख असावी. डाव्या कडेला खाली नावांची रांग. नवऱ्याने मोजली: चार मुलगे, दोन मुली.

सासूबाईंचे वडील धरून भाऊ तीनच होते, असं घरात सगळे सांगतात. मग चौथं नाव कुणाचं?

दुसरं म्हणजे, मामाच्या ओळीशेजारी कुठलीच तारीख नाही. "मामा कॉंगकॉंगजवळ टेकडीवर आहे" एवढंच सासूबाईंना लहानपणापासून माहीत. त्यांच्या जन्माआधीच मामा गेली होती. कधी, कशाने, विचारलं तर त्यांचे वडील उठून आत जायचे.

वरच्या दोन अक्षरांवरून मी मूळगाव शोधायचा प्रयत्न केला. नवरा म्हणाला, उच्चार हायचंग. नकाशात हायचंग सापडलं ते पार ईशान्येला, ल्याओनिंग प्रांतात. फूज्यानचे लोक तिथले कसे असतील? फोटो जोडलेत. कुणाला काही लागलं तर कृपया सांगा. सासूबाई रोज विचारतात, आलं का उत्तर.

अक्षरवेडा

फोटो स्पष्ट आहेत, आभार. मी पुण्यात चिनी शिकवतो. कबरीवरची भाषा ठरलेल्या साच्याची असते, त्यामुळे बरंच वाचता येतं.

आधी गाव. उच्चार बरोबर, गाव चुकलं. ल्याओनिंगमधल्या हायचंगचं दुसरं अक्षर 'शहर' या अर्थाचं आहे. तुमच्या दगडावरचं दुसरं अक्षर वेगळं, त्याचा अर्थ 'निवळ, संथ पाणी'. मँडरिनमध्ये दोन्हींचा उच्चार एकच होतो म्हणून फसगत झाली. हे फूज्यानमधलं हायचंग, चांगचौजवळचं. होक्किएनमध्ये, म्हणजे फूज्यानकडच्या बोलीत, हायतेंग. जुन्या काळी समुद्रापलीकडच्या व्यापाराचं मोठं बंदर याच भागात होतं. १९६० मध्ये हायचंग आणि शेजारचा लोंगशी तालुका एक करून लोंगहाय असं नाव दिलं, म्हणून आजच्या नकाशात पटकन सापडत नाही. आपल्याकडे लोक पिढ्यान् पिढ्या मुंबईत राहूनही गाव कोणतं विचारलं की राजापूर नाहीतर संगमेश्वर सांगतात ना, तशी ही वरची दोन अक्षरं. ती माणसाच्या जन्मगावाची असतीलच असं नाही, कुळाच्या गावाची असतात.

तारीख: "मिंगुओ २४, यीहाय वर्ष, वसंत." चीनच्या प्रजासत्ताकाचा पहिला वर्षांक १९१२, म्हणून मिंगुओच्या आकड्यात १९११ मिळवायचे. २४ म्हणजे १९३५. यीहाय हे साठ वर्षांच्या चक्रातलं नाव, आपल्या शालिवाहन शकाच्या संवत्सरासारखं. १९३५ ला तेच येतं, तेव्हा वाचनात चूक नाही. पण ही तारीख बहुधा दगड बसवल्याची आहे, मृत्यूची नव्हे. दफनानंतर पक्की कबर बांधायला कित्येकदा महिने जातात.

डावीकडच्या यादीत चारही मुलग्यांच्या नावातलं पहिलं अक्षर एकच आहे. ते पिढीचं अक्षर, एका पिढीतल्या भावांना समान. म्हणजे चौथा मुलगा याच घरातला, याच पिढीतला आहे. दत्तक असू शकेल, पण परका नाही.

मामाच्या नावात शेवटी 'निओ' आहे. ते नाव नव्हे. पेरानाकान बायकांच्या नावापुढे ते आदराने लागतं, आपल्याकडे 'बाई' लावतात तसं. त्याच्या आधीचं अक्षर हे त्यांचं खरं नाव. इथे उघड लिहीत नाही, तुम्हाला व्यक्तिगत निरोपात उच्चार पाठवलाय, होक्किएन आणि मँडरिन दोन्ही.

लाल रंगाबद्दल मला अंदाज आहे, पण तिथल्या माणसाने सांगितलेलं बरं.

कृष्णाकाठची

निरोप मिळाला. रात्री जेवताना सासूबाईंना नाव वाचून दाखवलं. त्यांनी ते दोनदा माझ्याकडून म्हणून घेतलं, मग स्वतः म्हटलं. ७२ वर्षांत आपल्या आजीचं नाव त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं. नंतर भांडी घासताना त्या तेच पुटपुटत होत्या.

रेनट्री

ताई, मागे लिहिणारा मीच. सिंगापुरात २८ वर्षं झाली, आणि २०१२ पासून बुकित ब्राउनच्या फेऱ्यांना जातोय. तिथले स्वयंसेवक स्वतःला ब्राउनीज म्हणवतात, चालवून आणतात, कबरी वाचून दाखवतात, पैसे घेत नाहीत. मी त्यांच्यामागे पाण्याची बाटली घेऊन फिरता फिरता शिकलो.

इतर वाचकांसाठी थोडं सांगतो. जॉर्ज हेन्री ब्राउन नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याची ही टेकडी, बुकित म्हणजे मलय भाषेत टेकडी. होक्किएन लोक या भागाला कोपी सुआ म्हणत, कॉफीची टेकडी. पुढे ती ओंग आडनावाच्या कुळाकडे आली, त्यांच्याकडून नगरपालिकेने घेतली आणि १ जानेवारी १९२२ पासून सगळ्या चिनी लोकांसाठी खुली केली. त्याआधी चिनी स्मशानं आपापल्या बोलीची, आपापल्या कुळाची असत. इथे पहिल्यांदा होक्किएन, तिओच्यू, कॅन्टनी एकाच उतारावर आले. सुरुवातीला लोक यायला तयार नव्हते, जागा आखून दिलेल्या आणि लहान होत्या म्हणून. तान खियाम हॉक आणि सी तिओंग वा या दोघा पुढाऱ्यांनी मध्यस्थी करून आखणी बदलून घेतली. फाटकाजवळचा रस्ता आजही तान खियाम हॉक यांच्या नावाचा आहे. १९७३ मध्ये दफन बंद झालं तोवर सुमारे १ लाख माणसं तिथे विसावली होती.

सगळ्यात मोठी कबर ओंग साम लिओंग आणि त्यांच्या पत्नीची. ख्रिसमस बेटावरच्या फॉस्फेटच्या खाणींना मजूर पुरवून त्यांनी पैसा केला. ६०० चौरस मीटरचा पसारा, आणि त्यावर आईबापांच्या सेवेच्या चोवीस कथा कोरलेल्या आहेत. आईला मासा हवा म्हणून गोठलेल्या नदीवर उघड्या अंगाने झोपून बर्फ वितळवणारा मुलगा, वडिलांना डास चावू नयेत म्हणून आपलं अंग उघडं टाकणारा मुलगा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पुंडलिकाच्या विटेसमोर उभा असल्यासारखा उभा राहिलो. जमलं तर सासूबाईंना तिथवर न्या, वाट फार चढणीची नाही.

आता तुमचा प्रश्न. जोडप्याची कबर बांधताना जो आधी गेला त्याच्यासोबत मागे राहिलेल्या जोडीदाराचं नावही कोरून ठेवतात आणि ते लाल रंगवतात. लाल म्हणजे हयात. माणूस गेलं की जागा उघडायची, त्याला शेजारी ठेवायचं, नावाचा रंग सोनेरी किंवा हिरवा करायचा. सगळीकडे अगदी असंच पाळतात असं नाही, पण एका ओळीला सोनेरी आणि दुसरीला लाल असेल, तर अर्थ बहुतेक हाच. १९३५ ला दगड बसला तेव्हा मामा जिवंत होत्या. त्यानंतर तो रंग कुणी बदलला नाही.

म्हणजे त्या तिथे नसण्याचीच शक्यता जास्त. हे सासूबाईंना कसं सांगायचं ते तुम्हीच ठरवा. पण आधी खात्री करून घ्या.

राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर बुकित ब्राउनच्या दफन नोंदवह्या पाहता येतात. त्यातली नावं इंग्रजी अक्षरांत, कारकुनाने कानाला ऐकू आली तशी लिहिलेली आहेत. त्यामुळे मँडरिन उच्चाराने शोधाल तर काही मिळणार नाही. आडनाव तान असेल तर 'चेन' शोधून उपयोग नाही. अक्षरवेडा यांनी दिलेला होक्किएन उच्चार घ्या आणि स्पेलिंग चार-पाच तऱ्हांनी करून बघा. कॉंगकॉंगसाठी १९३५ च्या आधीचं वर्षही पाहा. दगडावरचं नाव आणि रोजचं नाव वेगळं असू शकतं, म्हणून वय आणि कबरीचा क्रमांक जुळवा. कबरीच्या जवळ गवतात क्रमांकाचा छोटा दगड असतो, तो शोधा.

मामांची नोंद १९३५ पासून पुढे वर्षावर्षाने बघा. नसेलच, तर १९४२ ते १९४५ या काळाचा विचार करा. जपानी अंमलात इथे अन्नाचे हाल होते. १९४३ च्या शेवटापासून हजारो चिनी लोकांना जोहोरमधल्या एन्डाऊला जंगल तोडून शेती करायला पाठवलं, आणि ख्रिश्चनांची दुसरी वसाहत बहाऊला होती. तिकडे गेलेले काही जण परत आले नाहीत. "विचारलं की वडील उठून आत जायचे" हे वाचल्यावर मला पहिल्यांदा तेच आठवलं. माझा अंदाज चुकीचाही ठरेल. घराण्यातलं सगळ्यात म्हातारं माणूस कोण आहे? फोन नको, समोर जाऊन बसा.

हुगळीकर

माझं अर्धं आयुष्य कोलकात्यात गेलं. तिथून थोड्या अंतरावर, बजबजच्या पुढे हुगळीच्या काठी अछिपूर आहे. तोंग अछ्यू नावाच्या चिनी माणसाला वॉरन हेस्टिंग्जच्या काळात तिथे जमीन मिळाली, त्याने साखरेचा कारखाना काढला, आणि गावाला त्याचंच नाव पडलं. त्याची कबर नदीकडे तोंड करून आहे, घोड्याच्या नालेसारखी आणि लालभडक. चिनी नववर्षाच्या सुमारास कोलकात्याचे चिनी बसगाड्या भरून तिथे जातात. मी एकदा टांगऱ्यातल्या शेजाऱ्यांबरोबर गेलो होतो. त्यांच्यापैकी कुणीच अछ्यूच्या वंशातलं नव्हतं. तरी प्रत्येकाने वाकून उदबत्ती लावली. "आमच्यातला इथे पहिला आलेला तो," असं आजी म्हणाल्या.

ताई, तुमच्या मामाची जागा नाहीच सापडली तरी कॉंगकॉंगसमोर तिच्या नावाचा चहा ओतायला हरकत नसावी, असं मला वाटतं.

पाचगणीची

विषयाला थोडा फाटा फुटतोय, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. महाबळेश्वरला चायनामन फॉल्स सगळ्यांना माहीत असतो, नाव कुठून आलं ते कुणी विचारत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी मलायाकडच्या आपल्या वसाहतींतले चिनी आणि मलय कैदी महाबळेश्वरला आणून ठेवले होते. त्यांनी तिथे भाजीचे मळे केले, बटाटे लावले, टोपल्या विणल्या. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला. म्हणजे तुम्ही आता राहता त्या मुलखातूनच माणसं आमच्या डोंगरावर आली होती. त्यांच्यातल्या एकाचंही नाव मला कधी कुठल्या दगडावर दिसलेलं नाही. तुमच्या दगडावर सहा मुलांची नावं आहेत हे वाचून बरं वाटलं.

अक्षरवेडा

एक विनंती राहिली. अक्षरं उठून दिसावीत म्हणून दगडावर खडू, पीठ किंवा दाढीचा फेस चोळू नका. काही लोक करतात, दगड खराब होतो. संध्याकाळी विजेरी बाजूला, अगदी दगडाला समांतर धरा. तिरप्या उजेडात पुसट अक्षरंही वर येतात. चौथ्या मुलाच्या नावाचा तसा एक फोटो मिळाला तर बघायला आवडेल.

कृष्णाकाठची

तीन आठवडे इकडे फिरकले नाही, माफ करा. सांगण्यासारखं बरंच झालंय.

नोंदवहीत कॉंगकॉंग सापडले. नोव्हेंबर १९३४, वय ५१. नाव पूर्ण जुळलं नाही, पण क्रमांक जुळला. गवतात हात घालून तो दगड मी आणि मलय काकांनी मिळून शोधला. म्हणजे अक्षरवेडा, तुमचं बरोबर होतं, दगड नंतरच्या वसंतात बसला. मामाचं नाव मात्र १९३५ पासून १९७२ पर्यंत, सुचेल त्या स्पेलिंगने शोधलं. नाही.

सासूबाईंना सांगायला मी दोन दिवस घेतले. त्या गप्प ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "२०११ ला टेकडीवरून रस्ता जाणार म्हणून जाहीर झालं तेव्हा भाऊ रात्र रात्र यादी बघत बसायचा. ३,७४६ कबरी हलणार होत्या. त्यात आपली नव्हती. तेव्हा तो म्हणाला, दोघंही वाचले. दोघं म्हणाला होता."

सगळ्यात म्हातारं माणूस म्हणजे मलाक्क्याची अक्का. मराठीत सांगायचं तर सासूबाईंची आतेबहीण, वय ८८. आम्ही बसने गेलो. सासूबाईंनी तिच्यासाठी अननसाच्या टार्ट नेल्या होत्या. मी फोनमधला फोटो दाखवला आणि चौथं नाव वाचलं. ती चटकन म्हणाली, "धाकटा मामा." इथे मात्र आपला मराठी मामा, तिच्या आईचा धाकटा भाऊ.

ती तिथे होती. एन्डाऊला. तेव्हा आठ वर्षांची. रेनट्री काका, तुम्ही लिहिलेलं ते गाव तिने आमच्यापैकी कुणी नाव काढायच्या आधी स्वतःच घेतलं.

तिने सांगितलं ते असं. थोरल्या तिघा भावांना सिंगापुरात काम होतं, त्यांना सोडता येत नव्हतं. धाकटा २२ वर्षांचा, लग्न झालेलं नव्हतं. तिकडे गेलं तर तांदूळ मिळतो असं ऐकून त्याने नाव दिलं. विधवा बहीण आपल्या मुलीला घेऊन त्याच्याबरोबर निघाली, तीच ही अक्का. मामाचं नाव यादीत नव्हतं. ती शेवटच्या दिवशी बोचकं घेऊन दाराशी उभी राहिली, पोरांना रांधून कोण घालणार म्हणाली. सासूबाईंच्या वडिलांनी तिला लॉरीत चढवलं. हात धरून वर चढवलं, हे अक्काने दोनदा सांगितलं.

तिथे टॅपिओका लावला, रताळी लावली. मामा पानांची पातळ खिचडी करायची. मण्यांचं काम करायला काहीच नव्हतं, म्हणून तिने अक्काला गवताच्या बियांची माळ ओवून दिली. धाकट्याला ताप आला, तो आधी गेला. त्यानंतर पावसाळ्यात मामा. तारीख अक्काला माहीत नाही. पाऊस इतका होता की खड्ड्यात पाणी भरत होतं, एवढं तिला आठवतं. झाडाला खूण केली होती. लढाई संपल्यावर तिची आई शोधायला गेली, तेव्हा तिथे पुन्हा जंगल झालं होतं.

सासूबाईंनी विचारलं, "मग आम्हाला सगळ्यांनी टेकडीवर आहे असं का सांगितलं?"

अक्का म्हणाली, "तुझ्या बाबाने तसं ठरवलं होतं. दगडावर नाव आहे ना, मग ती तिथेच, असं तो म्हणायचा."

परत येताना बसमध्ये सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मुआर मागे पडलं तेव्हा म्हणाल्या, "बाबा दर वर्षी कबरीवर दोन कप चहा ओतायचे आणि मग एकटेच मागे थांबायचे. आम्हाला पुढे पाठवायचे." एवढंच.

नाशिकच्या उपाध्यांच्या नामावळीत माझ्या पणजोबांची सही आहे. लहानपणी बाबांनी ती बोट ठेवून दाखवली होती, खाली आमच्या चुलत्यांची सगळ्यांची नावं. ज्यांच्याशी अबोला होता त्यांचीही होती. त्या वहीतलं कुणी खोडलं नव्हतं. या दगडावरही १९३५ मध्ये जे होतं ते सगळं तसंच राहिलं, घरातल्या बोलण्यातून दोन माणसं गेली तरी.

हुगळीकर, तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना इंग्रजीत सांगितला. त्यांनी मान हलवली.

काल आम्ही पुन्हा गेलो. मलय काकांकडे दोन छोटे डबे होते, लाल आणि सोनेरी. कॉंगकॉंगची ओळ त्यांनी आधी उजळून घेतली. मग मामाच्या ओळीशी आले आणि सासूबाईंकडे बघितलं. ही बाई टेकडीवर नाही, मग रंग बदलायचा की नाही, असा प्रश्न होता. नवऱ्याचं मत होतं, नको, नियम कबरीत असणाऱ्यांसाठी आहे. मला काही बोलायचा अधिकार नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "ऐंशी वर्षं तिला कुणी जाऊ दिलं नाही. सोनेरी करा."

काकांनी ब्रश धरला तेव्हा त्या शेजारी बसून राहिल्या, गुडघे दुखत असताना, अक्षर सुकेपर्यंत. धाकट्याचं नावही त्यांनी सोनेरी करून घेतलं. मग तीन कप चहा ओतला.

आता एक मदत हवी. तारीख कोरता येणार नाही, ती कुणालाच माहीत नाही. पण मामाच्या ओळीखाली बोटभर कोरी जागा आहे. तिथे गावाचं नाव कोरावं असं सासूबाईंच्या मनात आहे. अक्षरवेडा, एन्डाऊ चिनी अक्षरांत कसं लिहितात? दगडावरच्या बाकी अक्षरांशी जुळेल अशा जुन्या वळणाचं हवं.

अक्षरवेडा

दोनच अक्षरं आहेत. जुन्या लिपीत मोठी काढून उद्या सकाळी पाठवतो. कोरणाऱ्याला फोनवर दाखवू नका, कागदावर छापून न्या आणि दगडावर खडूने नव्हे, कार्बनच्या कागदाने उतरवून घ्यायला सांगा. पहिल्या अक्षरात रेघा फार आहेत. बोटभर जागेत बसवताना एकही सुटता कामा नये.